मदत हवी आहे: गावात राहून काम करते म्हणून पगार कमी सांगतायत, सोमवारच्या कॉलवर काय बोलू?

नमस्कार मंडळी,

सोमवारी अकराला पुण्यातल्या एका कंपनीच्या एचआरचा कॉल आहे आणि पगाराचं उत्तर मला त्याच कॉलवर द्यायचंय. घरात सॉफ्टवेअरच्या लाइनमधलं कोणी नाही, म्हणून इथे विचारते. लिहिणं जरा लांबेल.

मी यावल तालुक्यातली. इंजिनिअरिंग जळगावला, २०२० ची बॅच. लॉकडाऊनमुळे आमचं कॅम्पस झालंच नाही. पहिली नोकरी जळगावातच एका लहान ऑफिसात लागली, महिना ९ हजार. दुकानदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं, त्यांचा प्रिंटर अडला तर तोही बघायचा. दीड वर्ष काढलं. २०२२ पासून पुण्याच्या एका कंपनीत आहे, पूर्ण वेळ घरून. जावा, स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस. ३ लाख ६० हजारांवर लागले, आता ४ लाख २० हजार आहे. त्यात १० टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग), कंपनीच्या वाटणीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीसुद्धा त्यातच. हातात २७ हजारसुद्धा पुरते येत नाहीत.

आता ही नवी कंपनी. जाहिरातीत पगाराचा आकडाच नव्हता. पाच आठवडे, पाच राउंड. त्यातला एक घरी करायचा, चार दिवसांचा: दवाखान्याच्या अपॉइंटमेंट बुकिंगचं अख्खं मॉड्यूल. दिवसा माझी नोकरी चालू, म्हणून रात्री जेवणं झाली की बसायचे. मे महिना, आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास. लाइट गेली की कूलर बंद, इन्व्हर्टरवर फक्त राउटर आणि लॅपटॉप ठेवायचे. तिसऱ्या रात्री एका गोष्टीवर अडले. दोन पेशंटनी एकाच क्षणी साडेदहाचा स्लॉट दाबला, तर दोघांनाही 'बुक झालं' असा मेसेज जाऊ शकत होता. आधी स्लॉट रिकामा आहे का ते तपासायचं आणि मग नोंद करायची, या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत दुसरा घुसतो. शेवटी डॉक्टर, तारीख आणि वेळ या तिन्हींवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट लावला. मग दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो, आणि त्या पेशंटला 'ही वेळ गेली, पुढची घ्या' असं नीट दाखवलं. पुढच्या राउंडला मॅनेजरने नेमकं तेवढंच विचारलं. पाऊण तास त्यावरच बोललो. ते म्हणाले, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. त्या दिवशी खूप बरं वाटलं.

मग एचआरचा फोन आला. "तुमचं करंट ४.२ आहे. आमच्याकडे ३० टक्के वाढ मिळते, म्हणजे ५ लाख ४६ हजार." मी म्हटलं, मॅडम, या पोस्टचं बजेट किती आहे? तर म्हणाल्या, "तुम्ही तिकडे गावाकडे राहणार ना? घरभाडं नाही, येण्याजाण्याचा खर्च नाही. त्या मानाने चांगलंच आहे." माझ्या बॅचची मैत्रीण त्याच कंपनीत, त्याच पोस्टवर आहे, पुण्यात राहते. तिला ९ लाख आहेत. तिनेच मला रेफर केलं, त्यामुळे तिचं नाव मध्ये आणायचं नाही.

मला हे फार लागलंय. मी लिहिलेला कोड यावलमध्ये लिहिला म्हणून कमी चालतो का? दोन कंपन्यांचं इंटरनेट मी घेते, इन्व्हर्टरची बॅटरी मी बदलते. आणि मुख्य म्हणजे, ९ हजारांवर सुरुवात झाली यात माझी काय चूक? त्या आकड्यावर टक्के लावत गेलं तर मी कधीच बरोबरीला पोचणार नाही. दर नोकरीत तीच मागची आकडेमोड पाठीशी येणार.

आप्पांना सांगितलं. आमची केळी आहेत. ते म्हणाले, हे तर आपल्या मालासारखंच झालं. बऱ्हाणपूरचा भाव सगळ्यांच्या मोबाइलवर येतो, तरी व्यापारी बांधावर येऊन त्याच्या खालीच मागतो, कारण घड तयार आहेत आणि आपल्याला थांबता येत नाही हे त्याला माहीत असतं. माल नवतीचा, म्हणजे चांगल्या प्रतीचा, आणि भाव वापसीचा, म्हणजे हलक्या मालाचा. मग त्यांनी विचारलं, "तुझा माल तयार आहे, पण तुला थांबता येतं का?" येतं. हातची नोकरी आहे. पण ही संधी गेली तर पुन्हा पाच राउंड करायची ताकद लगेच नाही.

मला विचारायचंय ते हे. आधीचा पगार सांगायला नकार देता येतो का? तो आता सांगून झालाय, मग बोलणं त्यावरून हलवायचं कसं? आणि ऑफर लेटरच्या मसुद्यात दोन वर्षांचा बॉण्ड आहे, मध्ये सोडलं तर २ लाख भरायचे आणि सही केलेला कोरा चेक द्यायचा. कॉलेजच्या ग्रुपवर सगळे म्हणतात बॉण्ड कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर. खरं आहे का?

प्रतिसाद

ताई, मी एचआरमध्येच आहे, मूळची चाळीसगावची. ३० टक्के हा कायदा नाही, कंपनीचा घरचा नियम आहे आणि तो वाकतो. प्रत्येक पोस्टला ग्रेड असते, ग्रेडला पगाराची खालची आणि वरची मर्यादा असते, तिलाच बँड म्हणतात. तुम्ही फक्त एवढं विचारा: "माझी ग्रेड कोणती आणि तिचा बँड काय?" ५.४६ बँडच्या खाली जात असेल तर आम्हालाच आत मंजुरी घ्यावी लागते, तिथे बोलायला जागा मिळते. आधीचा पगार विचारायला कॅलिफोर्नियात २०१८ पासून मनाई आहे, आपल्याकडे तसा कायदा नाही. तुम्ही सांगायला नकार देऊ शकता, ते फाइल पुढे न्यायला नकार देऊ शकतात. पण आकडा फुगवून कधीच सांगू नका. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफची सर्व्हिस हिस्टरी सगळं तपासतात. आणि मॅनेजरला तुम्ही हव्या आहात, त्यामुळे एक मेल त्यांनाही जाऊ द्या.

प्रतिसाद

बॉण्डबद्दल ग्रुपवरचं ऐकू नका. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये असं कलम करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे टिकत नाही, हे खरं. पण ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास ठरलेली रक्कम भरायची, हे वेगळं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा, २ लाखांचा बॉण्ड ग्राह्य धरला. कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई बघतं, म्हणून तुमच्यावर ट्रेनिंगचा काय खर्च करणार ते लेखी मागा. तुम्ही अनुभवी म्हणून जाताय, तर बॉण्ड कशासाठी? कोरा चेक मात्र कोणत्याही परिस्थितीत नाही. रक्कम भरून तो वटवायला टाकला आणि परत आला की चेक न वटल्याबद्दलची, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची केस तुमच्या दारात. मूळ मार्कशीटही जमा करू नका.

प्रतिसाद

मी धुळ्याचा, १४ वर्षं याच कामात. माझं मत वेगळं आहे. घ्या, एक वर्ष काढा आणि मग उडी मारा. घरी बसून ५.४६ म्हणजे आपल्या भागात लहान रक्कम नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. धुळ्याचे दादा, तुमचं पटतं, पण बॉण्ड असताना एका वर्षात उडी कशी मारू? आणि 'आपल्या भागात' हेच तर एचआरच्या मॅडमही म्हणाल्या.

मेल लिहिला आहे, एचआर आणि मॅनेजर दोघांना: "कामाची जागा बदलली तरी काम, जबाबदारी आणि वेळ तीच आहे. माझी अपेक्षा ८ लाख ५० हजार, त्यात फिक्स्ड किमान ९० टक्के. ग्रेड आणि बँड कळवावा. कोरा चेक देणार नाही. बॉण्ड ठेवायचाच असेल तर त्यामागचा ट्रेनिंगचा खर्च लेखी द्यावा." पाठवायच्या आधी आप्पांना वाचून दाखवला. ते म्हणाले, साडेआठच्या खाली कुठपर्यंत उतरायचं ते आजच ठरवून ठेव, फोनवर ठरवू नको. मी साडेसात ठरवलं.

चाळीसगावच्या ताई, एक राहिलं. माझी नोटीस ९० दिवसांची आहे आणि त्यांना ३० दिवसांत हवं आहे. उरलेल्या ६० दिवसांचे पैसे नवी कंपनी भरते का, आणि ते या मेलमध्येच मागू की आकडा ठरल्यावर?