सरकारी आवारातली झाडं: रोप मेलं तरी पाटी शाबूत

पारंबी (धागाकर्ता):
कुठल्याही तहसील कचेरीत जा. ध्वजस्तंभाशेजारी लोखंडी जाळी, जाळीला पाटी: 'मा. ना. अमुक यांच्या शुभहस्ते वृक्षारोपण'. पाटीचा रंग शाबूत, जाळीत गाजरगवत. 2019 च्या पावसाळ्यात राज्याचा 33 कोटी झाडांचा संकल्प झाला. 2023 ला 'मेरी माटी मेरा देश'मधून गावोगावी शिलाफलक आणि 75 देशी रोपांची अमृत वाटिका आली. 2024 पासून आईच्या नावानं झाड. प्रत्येक मोहिमेला सरकारी आवार हवंच, कारण फोटोत मागे इमारत दिसावी लागते.

माझं म्हणणं सरळ आहे. स्मृतिवृक्षांचा हा खेळ बंद करा. आठवण जपायचीच असेल तर चांगल्या कलाकाराकडून एखादं शिल्प करून घ्या. दिल्लीत संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या दाराशी रामकिंकर बैज यांचे यक्ष आणि यक्षी उभे आहेत. यक्ष उद्योगाचं प्रतीक, यक्षी शेतीचं. दगड कांगड्याकडचा, काम रेंगाळलं दहा वर्षांहून जास्त. पण 1967 पासून जागचे हललेले नाहीत, आणि उद्घाटन कुणी केलं हे कुणाला माहीत असायची गरजही नाही.

चौथाई:
असहमत. त्या यक्षीवरून राज्यसभेत प्रश्न आला होता, बँकेसमोर नग्न बाई कशाला म्हणून. तेव्हा निभावलं. आज तालुक्याच्या गावी बसवून दाखवा, दुसऱ्या दिवशी निवेदन आणि तिसऱ्या दिवशी वर ताडपत्री.

आणि बैज आणणार कुठून? आपल्याकडे निविदा निघते, ज्याचा दर कमी त्याला काम. मालवणला राजकोट किल्ल्यावर महाराजांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला पडला. कला संचालनालय म्हणालं, आम्ही सहा फुटी मातीच्या नमुन्याला मान्यता दिली, पुतळा 35 फुटांचा होणार हे आम्हाला सांगितलंच नव्हतं. वाळलेल्या रोपानं असली नाचक्की तरी होत नाही.

पारंबी:
मालवणला नौदल दिनाची तारीख गाठायची होती. घाईचं खापर शिल्पकलेवर का फोडता?

चौथाई:
झाडाला घाई नसते वाटतं? साहेबांचा दौरा मार्चमध्ये असला की मार्चमध्ये खड्डा खणतात. रोपाला कुणी विचारत नाही, बाबा, जून चालेल का.

निवृत्त अव्वल कारकून:
दोघंही बाहेरून बोलताय. मी महसुलात आयुष्य काढलं. पाटी असलेलं झाडच वाचतं, हे लिहून ठेवा. नवीन सभागृह, वाहनांची शेड, काहीही बांधायचं निघालं की बांधकाम खात्याची माणसं टेप घेऊन येतात आणि आधी बिननावाच्या झाडांवर फुली मारतात. आमच्याकडचे कडुनिंब असेच गेले. त्यांच्या सावलीत मुद्रांक विक्रेत्यांची टेबलं असायची, बुंध्याला 'झेरॉक्स' आणि 'प्रतिज्ञापत्र करून मिळेल'चे पत्रे ठोकलेले. एवढी वर्दळ असून कुणी हरकत घेतली नाही. कोपऱ्यातल्या बकुळीला मात्र एका माजी मुख्यमंत्र्यांची पाटी होती. तिच्यासाठी नकाशा वळवला! दौरा पुन्हा झाला आणि साहेबांनी विचारलं तर, या धास्तीनं शिपाई एप्रिल-मेमध्ये तिला रोज दोन कळशा घालायचा.

कायदा आहे म्हणाल, तर राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनं शहरी भागात 50 वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो. पन्नाशी गाठेपर्यंत काय करायचं?

पोटोमॅककाठी:
काका, बकुळीचं पटलं, पण नेम नाही. इथे वॉशिंग्टनला एप्रिल 2018 मध्ये मॅक्राँ आणि ट्रम्प यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर ओकचं रोप लावलं. 1918 ला फ्रान्समध्ये बेलो वुडच्या लढाईत अमेरिकी मरीन पडले, त्या जंगलातलं. आठवडा संपायच्या आत तिथे नुसता पिवळा पडलेला गवताचा तुकडा! परदेशी रोप म्हणून विलगीकरणात नेलं होतं, आणि तिकडेच ते मेलं. 2019 ला बातमी आली. दोन राष्ट्राध्यक्षांनी माती लोटली होती हो, याहून मोठी पाटी कुठली?

उलट त्याच आवारातला मॅग्नोलिया बघा. अँड्र्यू जॅक्सननं दिवंगत पत्नीच्या आठवणीत लावला असं परंपरेनं सांगतात. वीस डॉलरच्या जुन्या नोटेच्या मागच्या चित्रातही तो होता. म्हातारपणी त्याला खांब आणि तारांचा टेकू दिला, आणि धोकादायक झाला तेव्हा, एप्रिल 2025 मध्ये, काढला. इतकी वर्षं तो तगला कारण तिथे पगारी माळी आहेत. कचेरीत माळ्याचं पद मंजूर आहे का, ते आधी सांगा.

निवृत्त अव्वल कारकून:
होतं. माळी निवृत्त झाला आणि पद मृत संवर्गात गेलं, म्हणजे पुन्हा भरती नाही. आता कंत्राटी सफाईवाला आहे. त्याच्या कामाच्या यादीत झाड येत नाही.

शाईपुसणं:
माळ्याचं राहू द्या. आवारात काय कुठे ठेवायचं हे ठरवतं कोण, यावर कुणी बोलत नाहीये. संसदेत ध्यानस्थ बसलेला गांधींचा पुतळा आहे, आपल्या धुळ्याकडच्या राम सुतारांनी घडवलेला, 1993 चा. खासदारांना निदर्शनं करायची असली की याच पुतळ्यासमोर. जून 2024 मध्ये गांधी, आंबेडकर, शिवाजी महाराज, सगळे पुतळे एकत्र आणून 'प्रेरणा स्थळ' केलं. लोकसभा अध्यक्षांचं म्हणणं, विखुरलेले होते, लोकांना नीट बघता येत नव्हते. विरोधकांचं म्हणणं, आमची निदर्शनाची जागा घालवली. माझं मत विरोधकांच्या बाजूनं. पुतळ्यासमोर तीस वर्षं लोक जमतात तेव्हा त्या जागेलाही काही किंमत येते, ती क्रेननं उचलून नेता येत नाही. म्हणून झाड बरं. वड हलवून दाखवा!

पारंबी:
पुनर्रोपणाची कंत्राटं निघतात हे ऐकलं नाही वाटतं तुम्ही. वडही हलतो, फक्त नंतर पालवत नाही.

चौथाई:
मी सुचवू का? ताम्हण लावा. राज्यफूल आहे, एक मेच्या आसपास जांभळंगार होतं, महाराष्ट्र दिनाला वेगळी सजावट नको. पाटी लावायचीच तर झाडाचं नाव आणि लावल्याचं साल. फेरफार, दाखले यासाठी दिवस घालवणारी माणसं सावलीला तरी बसतील.

पारंबी:
ताम्हणाला ना नाही. पण मग ते सावलीचं झाड झालं, स्मारक कुठे राहिलं? कचेरीत फक्त उपयोगाचंच असावं, बघत उभं राहावंसं काही नसावं, हे मला मान्य नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कला शाळा असतात, त्यांच्या पोरांना एक भिंत द्या. वाईट चित्र निघालं तर पुढच्या वर्षी रंगवून टाका.

चौथाई:
भिंत द्यायला हरकत नाही. फक्त खाली 'सौजन्य' नको.

निवृत्त अव्वल कारकून:
सौजन्य असू द्या, नाहीतर रंगाचे पैसे कोण देणार? आणि ताम्हणाला साहेबांच्या नावाची पाटी लावाच. झाडाचं नाव वाचून टेपवाला थांबत नसतो.