220 केव्ही वाहिनी: गुणांचा तक्ता सुनावणीत टिकेल का?

नवी वाहिनी: दोन उपकेंद्रांमध्ये 220 केव्ही (किलोव्होल्ट) दुहेरी सर्किटची, म्हणजे एकाच मनोऱ्यांवर दोन संच तारांची वीजवाहिनी न्यायची आहे. पर्याय तीन: 46, 51 आणि 58 किमी. जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशा प्रणालीत) वस्ती, जंगल, पाणथळ, उतार, शेती यांना महत्त्वानुसार भारांक देऊन गुण काढले. 46 किमीचा मार्ग पहिला आला, पण तो दीड किमी पाणथळीच्या काठाने जातो. हरकत आली तर हा तक्ता पुरेल का? आणि पक्ष्यांची पाहणी आधी करायची की मनोऱ्यांच्या जागा आधी ठरवायच्या?

तारझोळ: बेरजेचा तक्ता नेमका इथेच फसवतो. 46 किमीत दीड किमी म्हणजे जेमतेम 3 टक्के, सरासरीत विरघळून जातात. जिथे मनोरा उभा राहूच नये ती जागा गुणांच्या खेळातून आधी बाहेर काढा आणि भारांक फक्त उरलेल्या भागाला लावा. मग एकेक भारांक अर्धा आणि दुप्पट करून पाहा. त्याने क्रमच उलटत असेल तर तसं अहवालात लिहा, नाहीतर सुनावणीत समोरचा ते शोधून काढतोच.

नाकारलेल्या मार्गांची कारणंही आकड्यांत द्या. 100 मीटरच्या आत घरं किती, कोनाचे, म्हणजे वाहिनी वळते तिथले मनोरे किती? तारा नुसत्या टांगून धरणाऱ्या सस्पेन्शन मनोऱ्याला वळण साधारण 2 अंशांपर्यंतच झेपतं. त्यापुढे तारांचा ताण पेलणारा टेन्शन मनोरा, म्हणजे जड पोलाद आणि मोठा पाया. पाणथळीला वळसा घालण्याची किंमत किलोमीटरइतकीच कोनांतही मोजावी लागते.

पाणवठा: पाहणी आधी, आणि तीही पूर्ण वर्षाची. कोरड्या दिवसांत एकदा जाऊन आलात तर स्थलांतरित पक्षी कागदावर येणारच नाहीत. नुसत्या जाती मोजू नका. पहाटे आणि तिन्हीसांजेला रातथारा (रात्री बसण्याची जागा) ते चरण्याची जागा अशी ये-जा कुठून आणि किती उंचीवरून होते, ते नोंदवा. मार्ग त्यावर ठरतो.

220 केव्हीला दोन फेजच्या तारांमधलं अंतर बहुतेक पक्ष्यांच्या पंखविस्तारापेक्षा मोठं असतं. विजेच्या धक्क्याने मरण्याचा प्रश्न मुख्यतः याहून कमी दाबाच्या वाहिन्यांचा. इथे धोका धडकेचा, आणि तोही बहुधा अर्थवायरचा, म्हणजे आकाशातल्या विजेपासून वाहिनी वाचवणाऱ्या तारेचा: बारीक, सगळ्यात वर. जाड तारा दिसल्या की पक्षी आणखी वर उडतो आणि अर्थवायरवर आपटतो. अर्थवायरवर दर 5 ते 10 मीटरला डायव्हर्टर (पक्ष्यांना तार दिसावी म्हणूनच्या खुणा) लावता येतात, पण त्यांचं वजन आणि वाऱ्याचा भार मनोऱ्याच्या आराखड्यात आधीच धरा. क्रौंच, माळढोक यांची समोरची नजर अरुंद असते, उडताना मान खाली घातली की पुढचं दिसतच नाही. तिथे डायव्हर्टर म्हणजे मार्ग हलवण्याला पर्याय नव्हे.

नवी वाहिनी: तेवढा दीड किमी भूमिगत केला तर?

तारझोळ: पाणथळीत खंदक म्हणजे आगीतून फुफाट्यात. पाणी उपसावं लागतं, आणि नीट बंद न केलेला खंदक पुढे चरासारखं पाणी ओढत राहतो. केबलवर खोल मुळांची झाडं चालत नाहीत, दोन्ही टोकांना केबल वरच्या तारांना जोडण्याचं आवार लागतं. दीड किमीला चार्जिंग करंटची (केबल स्वतःच ओढते त्या प्रवाहाची) चिंता नाही, पण बिघाड शोधून दुरुस्त करायला आठवडे जाऊ शकतात. आडव्या ड्रिलिंगने खंदक वाचतो, मात्र ड्रिलिंगसाठी वापरलेला बेंटोनाइट मातीचा चिखल वर फुटण्याची भीती राहते. तो आवरण्याची योजना अर्जातच हवी.

खांबाखाली: एक राहिलं. मनोऱ्यांच्या पायाभरणीपेक्षा जास्त माती पोचरस्ते उलथतात, आणि अहवालात त्यांचा नकाशाच नसतो. प्रत्येक मनोऱ्याला क्रेन आणि काँक्रीट कुठून येणार ते आखा, ओल्या भागात यंत्रांखाली तात्पुरत्या चटया धरा. अर्जात मनोऱ्याची जागा ठरावीक मीटर इकडेतिकडे सरकवण्याची सवलत मागून घ्या. पाया खणताना खडक किंवा झरा लागला की मनोरा हलतो, आणि सवलत नसेल तर त्या एका मनोऱ्यासाठी मंजुरीची फाइल पुन्हा उघडते.