पहिलेच जेट मॉडेल: 1:72 मिग-21 घ्यावे का?

त्रिमूर्तीनगर निवासी
नमस्कार. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 ला निरोप देण्यात आला, तेव्हापासून हे विमान स्वतःच्या हातांनी जोडायचे असे माझ्या आठवीतल्या मुलीच्या मनाने घेतले आहे. 1:72 प्रमाणाचा प्लॅस्टिकचा संच आणला आहे, मात्र आम्ही दोघींनीही याआधी असे काही केलेले नाही. एअरब्रश नसल्याने रंग ब्रशनेच द्यावा लागेल. सूचनापत्रात विमानाच्या नाकात वजन भरायला सांगितले आहे. ते कशासाठी आणि कशाचे भरावे? चांदीरंग पहिल्याच वेळी जमेल का? सुट्ट्या उन्हाळ्यात असल्यामुळे काम ऐन मे महिन्यात होईल, त्याचा काही त्रास होतो का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

धरमपेठचा हौशी
ताई, वजनाचा प्रश्न आपण वेळेवर विचारलात, कारण विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग एकदा चिकटले की आत काही भरण्याची सोय उरत नाही. खऱ्या विमानात रडार, उपकरणे आणि वैमानिक यांचा भार पुढच्या बाजूला असतो. पोकळ प्लॅस्टिकमध्ये तो नसल्यामुळे मुख्य चाकांच्या मागचे शेपूट जड ठरते आणि मॉडेल मागे बसून नाक वर करते. सायकलच्या दुकानात मिळणारे पोलादी छर्रे यासाठी उत्तम. ते नाकातल्या शंकूच्या आत आणि कॉकपिटच्या मागे, पण मुख्य चाकांच्या पुढेच, अराल्डाइटने पक्के बसवावेत. शिशाचे तुकडे फेव्हिकॉलमध्ये बसवू नयेत. शिशावर हळूहळू पांढरा थर चढतो, तो फुगतो आणि काही वर्षांनी धडाचा सांधा उकलतो.

किती वजन पुरेल हे आधीच पाहता येते. धड, पंख आणि शेपूट मास्किंग टेपने तात्पुरते जोडावे, मुख्य चाकांच्या जागी खाली एक पेन्सिल आडवी धरावी आणि नाक आपोआप खाली झुकते का ते पाहावे. झुकले तरी दोन छर्रे जास्तच घालावेत. कॉकपिटचे रंगकामही धड बंद करण्यापूर्वीच उरकावे.

वर्धा रोड
वरील सर्व मान्य. चांदीरंगाबद्दल माझे मत असे की तो नवख्यासाठी कठीणच आहे, कारण सांध्यावरचा प्रत्येक ओरखडा त्यात उठून दिसतो. परंतु त्यासाठी विमान बदलण्याची गरज नाही. 1971 च्या युद्धात आपल्या अनेक मिग-21 एफएल विमानांच्या चांदीरंगी पत्र्यावर घाईघाईने हिरवा रंग फासण्यात आला होता. 14 डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर हल्ला करणारी विमाने याच प्रकारची होती. आपला संच एफएलचा असेल तर हीच रंगसंगती निवडावी. हिरव्याच्या कडा ब्रशने थोड्या वेड्यावाकड्या आल्या तरी त्या इतिहासाला धरूनच असतात. हे विमान नाशिकजवळ ओझरला तयार होत असे, हेही मुलीला जरूर सांगा.

सांधे 400 आणि मग 1000 नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासावेत. पारदर्शक कॅनोपीला (कॉकपिटवरच्या छताला) सुपरग्लू मुळीच लावू नये, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. तिथे फेव्हिकॉलच योग्य, तो वाळल्यावर दिसत नाही. नाकावरची लांब पिटो नळी (हवेतला वेग मोजणारी नळी) अगदी शेवटी बसवावी, नाहीतर ती हमखास मोडते.

सदर निवासी
उन्हाळ्याविषयी लिहितो. पारा 45 अंशांवर गेला की ॲक्रिलिक रंग ब्रशवरच वाळू लागतो आणि पृष्ठभागावर रेघा राहतात. रंगात वाळणे लांबवणारे रिटार्डर थोडे मिसळावे, ब्रश रुंद आणि मऊ घ्यावा, एकदा ओढलेल्या जागेवरून लगेच पुन्हा ब्रश फिरवू नये, आणि एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्यावेत. सकाळी लवकर काम केलेले बरे. कूलर मात्र त्या खोलीत चालू ठेवू नका: त्याच्या दमट हवेत स्प्रेच्या लॅकर वार्निशवर पांढुरकी झाक येते. खिडकी उघडी ठेवावी, कारण प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या सिमेंटचा (मॉडेलच्या गोंदाचा) वास बंद खोलीत डोके दुखवतो.

त्रिमूर्तीनगर निवासी
सर्वांचे मनापासून आभार. संच एफएलचाच आहे, त्यामुळे 1971 ची रंगसंगती मुलीने आजच ठरवून टाकली. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) लावण्याआधी चकचकीत वार्निशचा थर द्यावा असे वाचले, तो आवश्यक आहे का?

वर्धा रोड
होय, आवश्यक आहे. खडबडीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि तिथे चंदेरी डाग दिसतात. डिकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवून कागदावरून अलगद सरकवावे, खालचे पाणी कापसाने टिपावे. वायुसेनेच्या वर्तुळात केशरी बाहेर आणि हिरवा मध्यभागी असतो, हे तपासून घ्या. रात्रभर वाळू दिल्यानंतर त्यावर मॅट वार्निशचा एक पातळ थर द्यावा.