जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क): अटी एकाच लॉटवर लावायच्या आहेत, फिल्टर भलतेच अडते आणतो

प्रश्न
कळमना मार्केटच्या संत्रा आवकीसाठी ॲप आहे. मॉडेल दोन: अडत्या आणि लॉट. एका अडत्याचे अनेक लॉट. ज्याच्याकडे काटोलचा, मृग बहाराचा (संत्र्याचे बहार दोन: आंबिया आणि मृग), २० क्विंटलच्या वरचा लॉट आहे तेवढेच अडते पाहिजेत.

`अडत्या.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(लॉट__तालुका="काटोल").फिल्टर(लॉट__बहार="मृग").फिल्टर(लॉट__वजन__जीटी=२०)`

ज्यांचा काटोलचा माल आंबियाचा आणि मृगाचा माल वरूडचा, असेही अडते येऊन राहिले. काही नावं चार-चारदा दिसतात. डिस्टिंक्टने नावं एकेकदा झाली, चुकीचे अडते तसेच आहेत.

उत्तर १
भाऊ, फिल्टरमागे फिल्टर अशी साखळी तोडा. एकाला अनेक अशा नात्यावर प्रत्येक नवीन फिल्टर लॉट टेबल पुन्हा जॉइन करतो (जोडतो). क्वेरीसेटची क्वेरी प्रिंट करा. लॉट, टी३, टी४ असे तीन जॉइन दिसतील. म्हणजे काटोल एका लॉटचं, मृग दुसऱ्याचा, वजन तिसऱ्याचं चालून जातं. काटोलचे २, मृगाचे २ आणि जड १ लॉट असला की २×२×१ = ४ ओळी. तिन्ही अटी एकाच फिल्टरच्या कंसात स्वल्पविरामाने द्या, त्या एकाच लॉटवर लागतील.

फॉर्ममधून ऐच्छिक अटी येत असतील तर प्रत्येक इफमध्ये फिल्टर जोडू नका. डिक्शनरीत गोळा करा, शेवटी एकदाच `फिल्टर(**अटी)`. जँगो-फिल्टर लायब्ररी वापरत असाल तर ती एकेका फील्डचा फिल्टर साखळीनेच लावते, तिथे फिल्टर_क्वेरीसेट स्वतः लिहावं लागतं.

उत्तर २
वरचं बरोबर, पण जुळणारे दोन लॉट असले की नाव दोनदा येणारच. माझं मत एक्झिस्ट्सला, म्हणजे असा लॉट आहे की नाही एवढंच पाहणाऱ्या आतल्या क्वेरीला:

`अडत्या.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(एक्झिस्ट्स(लॉट.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(अडत्या=आउटररेफ("पीके"), तालुका="काटोल", बहार="मृग", वजन__जीटी=२०)))`

जँगो ३.० पासून हे थेट फिल्टरमध्ये चालतं. बाहेर जॉइन नाही, म्हणून ओळी वाढत नाहीत. याच यादीवर पुढे एकूण वजन काढायचं असेल तर हे फार महत्त्वाचं: साखळीवर सम (बेरीज) फुगतो, आणि समला डिस्टिंक्ट लावलं तर एकाच वजनाचे दोन लॉट एकदाच मोजले जातात. दोन्हीकडून आकडा चूक.

उत्तर ३
एक्सक्लूडवर (जुळणारे वगळणारी मेथड) एकाच कंसाचा हा नियम लावू नका. एका एक्सक्लूडमध्ये तालुका आणि बहार दिले तरी ते एकाच लॉटचे असतील अशी हमी नाही. काटोलचा आंबिया आणि वरूडचा मृग असलेला अडत्याही गळून जातो. उलट यादी हवी तर एक्झिस्ट्सपुढे `~` लावा.

साखळी कुठे हवीच? आंबिया आणि मृग दोन्ही माल असलेले अडते शोधताना. तिथे दोन क्यू (अटी धरणारे ऑब्जेक्ट) एकाच फिल्टरमध्ये अँडने जोडले तर यादी रिकामी येते, कारण एका लॉटला दोन बहार नसतात.

प्रश्नकर्ता
एक्झिस्ट्स लावलं, यादी नीट आली. इंडेक्स कशावर ठेवू?

उत्तर २
अडत्या, तालुका, बहार, वजन; याच क्रमाने एकच इंडेक्स. बरोबरीच्या अटी आधी, वजनाची "पेक्षा जास्त" शेवटी. वजन मधे टाकलं तर त्याच्या पुढच्या कॉलमांनी शोध आवळत नाही.