कॉलेजच्या ग्राउंडवर बिअर? आमच्या फॅमिली ग्रुपवर रंगलेला शनिवार

चिन्मय: [फोटो] बिग हाऊस, म्हणजे आमच्या मिशिगन युनिव्हर्सिटीचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम!!! 1 लाख 7 हजार लोक एकदम ओरडतात तेव्हा काय होतं ते सांगताच येत नाही. घसा बसलाय माझा

मीनाकाकू: अरे वा मस्त रे. पिवळा टीशर्ट छान दिसतोय. थंडी नाही का अजून

सुनंदाआत्या: फोटो छान. मागच्या माणसाच्या हातात काय आहे ते? बिअरचा कॅन ना?

चिन्मय: हो आत्या, इथे आतच मिळते. त्या काकांची आहे, माझी नाही, शप्पथ

सुनंदाआत्या: मिळते म्हणजे? कॉलेज विकतं??

नंदूकाका: झालं. चिन्मय तू फोटो क्रॉप करून टाकायला शिक रे बाबा 😂

विनयदादा: आत्या, विकतं. मिशिगनमध्ये आधी कायद्यानेच बंद होतं, 2023 च्या जुलैमध्ये गव्हर्नर व्हिटमरबाईंनी सही केली आणि अ‍ॅन आर्बरला, चिन्मयच्या कॉलेजात, 2024 च्या फुटबॉल सीझनपासून सुरू झालं. हे लोक तसे उशिराच आले, ओहायो स्टेटने 2016 लाच सुरू केलेलं, साउथकडच्या एसईसी नावाच्या लीगमधल्या कॉलेजांना 2019 मध्ये परवानगी मिळाली, पेन स्टेट 2022. आणि बंद होतं तेव्हा लोक पीत नव्हते असं अजिबात नाही हं. दुपारी बाराची मॅच असली तरी सकाळी आठपासून शेजारच्या गोल्फ कोर्सवर गाड्या लावून डिकी उघडून ग्रिल पेटवून बसलेले असतात, टेलगेटिंग म्हणतात त्याला, आणि गेटमधून आत जायच्या आधी शेवटचं म्हणून जे काही ढोसतात ते बघण्यासारखं असतं, शिवाय बुटात, जॅकेटच्या अस्तरात चपट्या बाटल्या. मी इथे नवीन होतो तेव्हा बाजूच्या आजोबांनी कॉफीचा थर्मास पुढे केला, मी बापडा कॉफी समजून घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी.

बाबा: हे तू कधी सांगितलं नव्हतंस

विनयदादा: काका आत्ता सांगितलं ना

सुनंदाआत्या: म्हणजे लोक चोरून पितात म्हणून कॉलेजने उघड विकायची. हे लॉजिक कॉपीला लावलं असतं तर माझी नोकरी सोपी झाली असती.

नंदूकाका: 😂😂 ताई

विनयदादा: आत्या तसं नाही. वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीचं उदाहरण बघ. तिथे हाफटाइमला बाहेर जाऊन परत आत यायची मुभा होती, तर पब्लिक गाडीशी पळायचं, वीस मिनिटांत जेवढं घशाखाली जाईल तेवढं घालायचं आणि झिंगत परत यायचं. 2011 मध्ये त्यांनी आत बिअर सुरू केली आणि ते बाहेर जाऊन परत येणं बंद केलं. मॅचच्या दिवशी पोलिसांकडे जाणाऱ्या केसेस कमी झाल्या. हे उदाहरण मग प्रत्येक कॉलेज द्यायला लागलं.

सुनंदाआत्या: दोन गोष्टी एकदम केल्या ना त्यांनी? मग केसेस बिअर विकल्यामुळे कमी झाल्या की गेट बंद केल्यामुळे, हे कसं ठरवलं? एफवायच्या पोरांना पहिल्या प्रॅक्टिकलला मी हेच सांगायचे, एका वेळी एकच गोष्ट बदला. गेट बंद करायला बिअर विकायची काय गरज होती

गौरी: आत्या रॉक्स

विनयदादा: गेट बंद केलं आणि आत काहीच नाही दिलं तर लोक तिकिटंच काढणार नाहीत, घरी टीव्हीसमोर बसतील. ती पण भीती असते यांना.

सुनंदाआत्या: हां, मग हे खरं कारण सांग ना. सेफ्टीचं नाव कशाला पुढे करायचं

गौरी: मी नाइट करून आलेय त्यामुळे थोडक्यात. कॅज्युअल्टीत येतात ती पोरं बहुतेक वेळा बिअरने आलेली नसतात, पार्टीच्या आधी रूमवर पाऊण तासात व्होडका मारून आलेली असतात. लाइनीत उभं राहून महागडी बिअर घेणारा माणूस हळूच पितो. त्यामुळे विनयदादाचं थोडं पटतं. पण पार्किंगमधली ढोसाढोसी तशीच चालू आणि वरून आत बिअर असं असेल तर ते नुसतं अ‍ॅडिशन आहे, आधीचं काही कमी झालं नाही. झोपते आता

बाबा: मला एक कळत नाही, एवढी श्रीमंत युनिव्हर्सिटी, आपल्याकडून फीचे एवढे पैसे घेतात, यांना बिअर विकायची वेळ का यावी? आपल्याकडे मॅचला पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत.

विनयदादा: काका फीचं खातं वेगळं, खेळाचं वेगळं. आणि खेळाकडे पैसा येतो तसा जातोही. बिग टेनने, म्हणजे मिशिगन ज्या लीगमध्ये खेळतं तिने, 2022 मध्ये टीव्हीचे करार केले ते सात वर्षांचे 7 अब्ज डॉलरच्या वर होते. पण जून 2025 मध्ये कोर्टाने खेळाडूंच्या खटल्यातली मोठी सेटलमेंट मंजूर केली, त्यामुळे कॉलेज खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी एका कॉलेजला 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. तो पैसा कुठून तरी उभा करायचा, मग तिकीट वाढव, पार्किंग वाढव, बिअर विक.

सुनंदाआत्या: हेच. मला बिअरचं एवढं काही नाही रे, नंदू आमच्या घरी येऊन काय काय पितो ते मला माहितीये.

नंदूकाका: मला का मध्ये ओढतेस

सुनंदाआत्या: माझा मुद्दा असा की बाहेरचा कोणी विकत असेल तर कॉलेज त्याला जाब विचारू शकतं, इथे कॉलेजच गल्ल्यावर बसलंय. एकदा बजेटमध्ये तो आकडा धरला की तो दरवर्षी वाढवूनच धरणार. वयाचा नियम काय, तो पुण्यात कल्याणीनगरलाही होता. 2024 च्या मे महिन्यातली गोष्ट, सतरा वर्षांच्या पोराला पबमध्ये दारू दिली आणि त्याच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनियर जिवानिशी गेले. विकणाऱ्याला गिऱ्हाईक दिसतं, वय दिसत नाही.

बाबा: आणि आपल्याकडे तर दारूला 25 पूर्ण लागतात, बिअर वाईनला 21, वर परमिट. कागदावर आपण अमेरिकेपेक्षा कडक आहोत

नंदूकाका: म्हणजे चिन्मय अजून महाराष्ट्रात व्हिस्की पिऊ शकत नाही. शाब्बास

चिन्मय: काका मी कुठेच पीत नाही 🙄 पण आत्या इथे चेकिंग खरंच असतं हं. एकविसाच्या खालच्यांचं लायसन्सच उभं छापलेलं असतं, मोठ्यांचं आडवं, त्यामुळे काउंटरवरच्या बाईला लांबूनच कळतं. उभं कार्ड दिसलं की ती वाचतसुद्धा नाही, नुसती मान हलवते. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा एकविसावा बर्थडे होऊन गेला तरी नवीन कार्ड आलं नव्हतं, त्याला तारीख दाखवून दाखवून वाद घालावा लागला, मागे लाइन वैतागली होती.

सुनंदाआत्या: ते काउंटरवर. एकाच माणसाने दोन कॅन घेतले आणि जागेवर जाऊन शेजारच्या एकोणीस वर्षांच्या मित्राला एक दिला, तर?

चिन्मय: होतं असं. खोटं नाही बोलणार

विनयदादा: म्हणून तर एका वेळी ठराविकच, मॅचच्या चारपैकी तिसरं क्वार्टर संपलं की बंद, असे नियम एसईसीने पहिल्या दिवसापासून ठेवले. व्हिस्की वगैरे पब्लिक स्टँडमध्ये नाहीच, फक्त बिअर आणि वाईन. आणि फेरीवाले स्टँडमध्ये फिरून विकणार नाहीत, उठून काउंटरवर जायचं. आत्या, पूर्ण बंद केलं तर पार्किंगवाले आणि चपट्या बाटलीवाले जिंकणार, मी वीस वर्षं बघतोय.

सुनंदाआत्या: मग पार्किंगला हात लावा ना आधी! तिथे हात लावत नाहीत कारण ते सगळे देणग्या देणारे माजी विद्यार्थी. बरोबर की नाही

विनयदादा: ...बरोबर

बाबा: विनयने टिंबं टाकली म्हणजे विषय गंभीर आहे

सुनंदाआत्या: माझं म्हणणं लिहून ठेवा. एक, स्टुडंट बसतात त्या भागाजवळ काउंटर नको. दुसरं म्हणजे बिअरचा पैसा खेळाच्या खात्यात एक डॉलरही नको, सगळा लायब्ररीला द्या, पोरांच्या समुपदेशनाला द्या, कुठेही द्या. मग बघू किती कॉलेजं सेफ्टीसाठी बिअर विकतात ते.

विनयदादा: ओहायो स्टेटने सुरुवातीला त्यातला थोडा पैसा जास्तीचे पोलीस आणि व्यसनाच्या रिसर्चकडे वळवला होता.

सुनंदाआत्या: थोडा.

मीनाकाकू: चिन्मय जेवलास का तू? सकाळपासून ग्राउंडवरच आहेस

चिन्मय: हो काकू, हॉटडॉग खाल्ला. आपण जिंकलो हे कोणी विचारलंच नाही

बाबा: आपण म्हणजे?

नंदूकाका: ते सगळं ठीक आहे पण कामाचं बोला. ऑक्टोबरात आम्ही येतोय आणि विनयने मॅचची तिकिटं काढलीयेत. मला 68 वर्षांच्या माणसाला कोण कार्ड विचारणार, पांढरे केस दिसतात की

विनयदादा: काका, सगळ्यांना विचारतात, पिकलेल्या केसांना पण. सोबत ठेवा काहीतरी

नंदूकाका: आधार चालेल?

चिन्मय: 😂😂😂

विनयदादा: आधार नाही काका, पासपोर्ट लागेल

मीनाकाकू: पासपोर्ट माझ्या पर्समध्ये असतो.

सुनंदाआत्या: मीना, तुलाच गव्हर्नर करायला हवं