मदत हवी आहे: गावच्या घरी वाय-फाय कॉलिंग सारखं तुटतं

मंडळी, जाणकारांनी जरा मार्गदर्शन करा.

गुहागर तालुक्यात आमचं घर आहे. आई तिथे एकटी, मी पुण्यात. घर जांभ्याचं, भिंती जाड, त्यात वाडी खोलगटात. मोबाईलची रेंज म्हणाल तर विहिरीच्या कठड्यापाशी एक काडी आणि घरात शून्य. पूर्वी लँडलाइन होता. रस्ता रुंदीकरणात त्याची केबल तुटली ती परत कोणी जोडली नाही. तक्रारी करून दमले, तो विषय नकोच.

आता वाडीत फायबर आलंय, म्हणून लगेच घेतलं. राउटर पडवीत, माजघरात रिपीटर (वाय-फायचा सिग्नल पुढे पोचवणारा डबा). आईच्या अँड्रॉइड फोनवर वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वाय-फायवरून साधा कॉल, चालू करून दिलं. माझ्याशी बोलायला व्हॉट्सॲप आहे हो, पण तिला साधे कॉल लागतात: गॅसवाला, दवाखाना, बटणांचा फोन वापरणारी मावशी. आणि १०८ ला काही व्हॉट्सॲप कॉल लागत नाही.

अडचण अशी की आई बोलत बोलत माजघरातून परसदारी गेली की कॉल कट. आणि कट नाही झाला तरी मला तिचा आवाज तुटक येतो, तिला मात्र माझा अगदी स्वच्छ. त्यामुळे ती निवांत गोष्ट सांगत असते आणि मी इकडे ‘आई, थांब, परत सांग’ करत बसते. पॅक ४० एमबीपीएसचा आहे, मोजलं तर तेवढा वेग मिळतोही. कस्टमर केअरचं म्हणणं, स्पीड ठीक आहे, फोन बदला. फोनवर वाय-फाय कॉलिंगचं चिन्ह व्यवस्थित दिसतं. मग घोडं अडतंय कुठे?

कोकणकडा:
राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाचं सेटिंग असतं, ते बंद करा. आमच्या ऑफिसात एकाच बाजूचा आवाज येत होता, त्यानेच सुटलं.

तारयंत्र:
ऑफिसातल्या आयपी फोनला ते लागू, इथे नाही. तिथे एसआयपीची, म्हणजे कॉल जोडून देणाऱ्या डेटाची, पाकिटं उघडी जातात आणि राउटर त्यांतले पत्ते बदलायला जाऊन घोळ घालतो. वाय-फाय कॉलिंगमध्ये फोन थेट मोबाईल कंपनीच्या गेटवेपर्यंत आयपीसेकचा, म्हणजे कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) डेटाचा, बोगदा काढतो, यूडीपी ५०० आणि ४५०० या पोर्टवरून. आत काय चाललंय ते राउटरला दिसतच नाही. चिन्ह येतंय म्हणजे बोगदा तयार होतोय. तेव्हा राउटरची सेटिंग्ज उगाच उकरू नका.

वेगाचंही सोडा. जुना जी.७११ कोडेक (आवाजाचा डेटा करायची पद्धत) धरला तरी आवाजाला ६४ केबीपीएस लागतात, वरचं वेष्टण मिळवून एका दिशेला साधारण ८७. मोबाईलचे कोडेक त्याहून कमी खातात. ४० एमबीपीएसमध्ये असे शेकडो कॉल बसतील. बिघडवतो तो उशीर आणि पाकिटांचं मागेपुढे पोचणं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगितलंय. तुमच्याकडे फक्त घरातून बाहेर जाणारा आवाज तुटतोय, म्हणजे अपलोडची वाट कशाने तरी तुंबलीय. सीसीटीव्ही वगैरे आहे का?

धागाकर्ती:
आहे! दादाने दोन बसवलेत, पडवीत आणि गोठ्याकडे. चोवीस तास क्लाउडवर जातात. आत्ता आईला दोन्हींचे प्लग काढायला लावून फोन केला. आवाज लख्ख! आता दादाला कॅमेरे काढायला लावू की काय?

तारयंत्र:
काढू नका. मेमरी कार्ड घाला आणि हालचाल झाली तरच अपलोड, असं लावा. रिझोल्यूशनही थोडं उतरवा. गोठ्यातली म्हैस एचडीत दिसली नाही तरी चालेल.

परसबाग:
परसदारी कट होण्याचं कारण वेगळं वाटतंय. वाय-फाय अशक्त झालं की फोन टॉवरची ती एक काडी पकडायला धावतो आणि मधल्यामध्ये कॉल पडतो. सिमच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फायला प्राधान्य’ असा पर्याय मिळतो का बघा, सगळ्या फोनांत नसतो. नसला तर विमान मोड चालू करून वरून वाय-फाय चालू करायचं, मग फोन टॉवरकडे बघतच नाही. मात्र विहिरीवर जाताना विमान मोड काढायला आईंना सांगून ठेवा.

रिपीटरवर फार विसंबू नका. जांभ्याच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जवळपास जातच नाही आणि २.४ वर रिपीटर अर्धा वेळ राउटरशीच बोलत असतो. पडवीतून लॅन केबल आत ओढा, तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं इंटरनेट वाय-फायने पसरवणारा डबा) लावा. १०० मीटरपर्यंत केबलला अडचण नाही.

धागाकर्ती:
वायरमनला विचारते. आता माझी खरी काळजी. पावसात लाईट गेली की सगळंच बंद. जुना लँडलाइन अंधारातही वाजायचा.

तारयंत्र:
त्याला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे. फायबरमधून वीज येत नाही, म्हणून घरच्या राउटरला मिनी यूपीएस (छोटा बॅटरी बॅकअप) लावा. पण आधी लाइनमनला एक विचारा: तुमची लाइन एक्स्चेंजपासून नुसत्या स्प्लिटरवरून (विजेशिवाय फायबरचा प्रकाश वाटून देणारा) येते की वाटेत खांबावर विजेवर चालणारा स्विच आहे? स्विच असेल तर वाडीची लाईट गेल्यावर तुमचा यूपीएस काही कामाचा नाही.

आणि वाडीचं नाव, घराची खूण, शेजाऱ्यांचा नंबर असं मोठ्या अक्षरात फोनशेजारी चिकटवा. वाय-फायवरून १०८ लावल्यावर टॉवरवरून ठिकाण कळेल या भरवशावर राहू नका.

धागाकर्ती:
लाइनमन म्हणाला, मध्ये फक्त स्प्लिटर आहे, आणि एक्स्चेंजला जनरेटर आहे. आईने चष्मा लावून राउटरच्या ॲडॅप्टरवरचं वाचून दाखवलं: १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. रिपीटर तर थेट सॉकेटात बसणारा, म्हणजे तो यूपीएसवर चालायचा नाही. ॲक्सेस पॉइंटही १२ व्होल्टचाच घेतला तर दोन्ही एकाच मिनी यूपीएसवर चालतील ना? आमच्याकडे पाच-सहा तास लाईट जाते. तेवढा वेळ टिकणारा कोणी वापरत असेल तर सांगा, आणि चिपळूणला कुठे मिळेल तेही.