शोरांव म्हणजे चोडण, की वाळुंज?

पोर्तुगीज शिकतेय. शब्दकोशात 'शोरांव' म्हणजे 'रडका', आणि पुढे 'फांद्या लोंबणारा विलो'. गोव्यातल्या आमच्या चोडण बेटाचं पोर्तुगीज नाव हेच ना? मग बेटावर पूर्वी विलो होते का? आणि विलोला मराठीत म्हणायचं काय?

— विलोबिलो काही नाही हो. चोडण हे नाव आधीचं. पोर्तुगिजांनी ते आपल्या जिभेवर घोळवलं आणि नेमका त्यांच्याच भाषेतला एक शब्द निघाला. रायबंदरच्या फेरीतून उतरा, दिसते ती सगळी खारफुटी. विलोची मुळं ओलीत रमतात, पण गोड्या पाण्याच्या. मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भरती आत येते तिथं तो काय तग धरणार! शिवाय फांद्या लोंबणारा तो चीनकडचा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं त्याला 'बॅबिलोनिका' म्हटलं, बायबलात बाबिलोनच्या नद्यांकाठी बंदिवानांनी वीणा टांगल्या त्या झाडांवरून. ती झाडं बहुधा पॉप्लरची होती. म्हणजे नावाचा घोळ फक्त आपल्याकडेच नाही.

— मराठी शब्द वाळुंज. आडनाव ऐकलं असेल, पुरंदर तालुक्यात गावही आहे. सह्याद्रीत ओढ्याकाठी वाढणारा हा आपला विलो. लहान ते मध्यम उंचीचा, खोडावर उभ्या खोल भेगा, पान भाल्यासारखं लांबट, उलटं केलं की पांढुरकं. शास्त्रीय नाव 'सॅलिक्स टेट्रास्पर्मा', म्हणजे चारबिया. संस्कृतात वेतस. पुरात वाकून वाचणं ती 'वैतसी वृत्ती'. पण वेतस म्हणजे दर वेळी खुर्चीचा वेत समजू नका. तो काटेरी वेल, ताडमाडांच्या कुळातला. भाषांतरांत ही चूक इतक्यांदा पाहिली की आता चिडायचंही सोडलंय.

— मग 'विलोची बॅट' म्हणजे वाळुंजाची?

— नको. बॅट पांढऱ्या विलोची, ती जात वेगळी. तिथं विलोच राहू दे.

— वाळुंज लावायला सोपा. चोर्ल्याच्या वर मामाच्या ओढ्यावरून अंगठ्याएवढी जाड फांदी आणून सत्तरीत कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, पाटाकडेला खोचली होती. फुटली. बी पेरायच्या भानगडीत पडू नका, त्याची उगवणशक्ती फार थोडे दिवस टिकते. आमच्या झाडाला तुरे येतात, पण कापूस लागलेलं बी कधी धरलं नाही. नर-मादी झाडं वेगळी असतात, आमचा नर. आई अजून म्हणते, पाणी कमी पडतं त्याला.